एकोणचाळीस मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद

सामना चाळीस मिनिटांचा.
मी त्यातून बारा सेकंद काढतो, बाकीचा टाकतो.
उतेनाच्या क्लबात माझी नोकरी एवढीच:
रात्री अकरानंतर, गरम पाण्याच्या पाइपालगतच्या खोलीत,
तांदूळ निवडावेत तसा सामना निवडायचा.
फक्त इथे खडे ठेवायचे
आणि तांदूळ फेकून द्यायचे.

काल ठेवला तो झिल्विनासचा डंक.
वर गेला, आणि वरच जरा टेकला
शेजाऱ्याच्या कट्ट्यावर टेकावं तसा,
मग चेंडू कड्यात कोंबून
गुपचूप उतरला.
स्लो मोशनमध्ये तर त्याच्या बुटांची नाडीसुद्धा
घाईत नव्हती.
पुतण्याने ताल्लीनहून फोन केला,
'माणूस आहे का कोण आहे तो!'

मी म्हटलं, माणूसच आहे.
समोरचा क्लाइपेदाचा पोरगा
एकोणीस मिनिटं बाकावर टेकला नव्हता,
हात वर करायला त्याला स्वतःचा खांदा सापडेना.
आणि डावीकडे, चौकटीच्या बाहेर,
व्हिगांतास पाय रोवून आडवा उभा होता.
त्याच्या बरगडीवर एक अख्खा माणूस आदळला,
तेव्हा कुठे ती वाट मोकळी झाली.
चित्रात त्याचं फक्त कोपर येत होतं.
तेही मी कापलं.
मध्येच आल्यासारखं वाटत होतं.

गुणलेखक दांगुओले एकतीस वर्षं त्याच टेबलाशी बसते.
तिच्या वहीत डंकही दोन
आणि फळीला घासून, कड्यावर तीनदा विचार करून,
नाइलाजाने आत पडलेला चेंडूही दोन.
विचारलं तिला, खरंच एवढं भारी असतं का हे?
पेन्सिलीला टोक काढत म्हणाली,
'आपण सहाने हरलो ना?'

मला पटलं. पटून घरी गेलो,
पटलेल्या माणसासारखा झोपलो.

आज सकाळी जाळं बदलायचं होतं.
शिपाई तापाने आडवा,
म्हणून शिडी माझ्या वाट्याला आली.
वरून पाहिलं तर कडं केवढं रुंद!
दोन चेंडू शेजारी शेजारी
थोडं अंग चोरून बसतील एवढं.
हसूच आलं.
एवढ्या विहिरीत चेंडू टाकण्याचं कसलं कौतुक?

मग खाली पाहिलं.

लाकडी जमीन, तिच्यावरचे पांढरे पट्टे,
आणि माझे गुडघे,
जे माझं काही ऐकत नव्हते.
मी सातव्या पायरीवर.
त्याला पहिलीसुद्धा नव्हती.
कड्याच्या पुढच्या काठावर
चार बोटांच्या रुंदीचा रंग उडालेला,
खालचं लोखंड दिसत होतं.
त्यावर माझी चार बोटं ठेवली.
गार होतं.

असतं. भारी असतं.
दांगुओलेला सांगणार नाही,
पण असतं.

'खाली बघू नकोस,' खालून आवाज आला.
'मी धरलीय.'
व्हिगांतास होता. बरगडीवर बर्फाची पिशवी,
ती कोपराने दाबून
दोन्ही हातांनी शिडी धरून उभा.
कधी आला, कळलं नव्हतं.
'काल जोरात लागलं?' मी विचारलं.
'कधी?' तो म्हणाला.

रात्री मी ती फीत पुन्हा उघडली.
उडीच्या आधीचे तीन सेकंद परत जोडले,
चौकट डावीकडे सरकवली.
आता कोपर दिसतं, मग छाती,
मग आदळणारा तो माणूस, मग
वाट.

पंधरा सेकंद झाले.
मॅनेजरने उभ्याउभ्याच पाहिली,
कोटाची बटणं लावता लावता.
म्हणाला, छान आहे,
फक्त सुरुवात जरा रेंगाळते.